रुमालातले मोदक

महादेव राऊतांच्या घरचा गणपती म्हणजे चाळीस पानं. डहाणूजवळच्या चिकूवाडीतलं त्यांचं घर. चतुर्थीला पालघरपासून उंबरगावपर्यंतचे नातेवाईक तिथे जमायचे. मोदकांचं ताट घेऊन महादेव स्वतः पंगतीत फिरत, आणि त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. पानावर हात आडवा धरला तर बोटं बाजूला सारून मोदक ठेवत. "माझ्या घरून अर्धपोटी जाणार?" असं ते म्हणाले, की समोरचा हात मागे घेई. मग शेवटच्या पंगतीत स्वतः बसून मोजून एकवीस मोदक खायचे, वर वाटीभर तूप.

२०१७ च्या ज्येष्ठात त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळी घ्या, वेळेवर जेवा, उपाशी राहू नका. सणाला एखादा मोदक चालेल, एकवीस विसरा." ही गोष्ट फक्त बायकोला, चंपाला ठाऊक होती. चारचौघांत 'मला चालत नाही' म्हणायचं महादेवांच्या जिवावर आलं होतं. चतुर्थीच्या सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं, आज पंगतीत बसायचंच नाही. वाढण्यात दिवस काढायचा. यजमान जेवला की नाही, कोण विचारतो?

चंपाने सकाळी दोनदा हटकलं. "अहो, गोळी घेतलीत, दोन घास तरी खा."

"नैवेद्य होऊ दे," ते म्हणाले. नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली, दीड वाजला. अळूची भाजी, वालाचं बिरडं, पुऱ्या यांच्या वासाने त्यांना गरगरायला लागलं, तरी ताट घेऊन ते फिरतच होते.

धाकटी बहीण विनिता उंबरगावहून आली होती. तिच्या पानावर महादेवांनी पाचवा मोदक ठेवला, वर तुपाची धार सोडली. थोड्या वेळाने पाहतात तर तिची जागा रिकामी.

ते मागच्या दारी गेले. पाण्याच्या टाकीआड विनिता रुमालाची गाठ मारत होती. रुमाल तुपाने चिंब झाला होता, आत तीन मोदक.

"विनू, टाकतेस की काय?"

ती दचकली. "टाकीन कशी? प्रसाद आहे. घरी नेते, पोरं खातात." मग मान खाली घालून म्हणाली, "तीन वर्षं नेते आहे, दादा. मला पित्ताचे खडे आहेत. तूप पोटात गेलं की रात्री कळ सुटते."

"मग सांगायचं नाही?"

"तुला? तू ऐकलं असतंस? तुला भेटायची ओढ असते रे, पण गाडी डहाणूला लागली की जेवणाची धास्ती वाटते."

महादेवांना वाटलं, कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आजवर ते याला माया समजत होते. काहीतरी बोलायला ते पुढे झाले आणि टाकीला टेकले. कपाळावर घाम फुटला होता.

"दादा, हात का कापतायत तुझे?"

"साखर आहे मला. गोळी घेतलीय. सकाळपासून पोटात काही नाही."

"अरे देवा!" विनिताने झटकन रुमालाची गाठ सोडली. "आ कर."

मागच्या दारी उभं राहून, बहिणीच्या हातून महादेवांनी मोदक खाल्ला. ती त्यांना पायरीवर बसवून शेजारी बसली. दहा-पंधरा मिनिटांनी हातांची थरथर थांबली, तशी तिने डोळे पुसले आणि हसायलाच लागली. "काय घर आहे आपलं! तू उपाशी, मी चोर."

महादेवही हसले. "चल, आता नीट जेवतो."

पडवीत शेवटची पंगत बसत होती. महादेवांनी वाढप्यांना थांबवलं. भाताचं पातेलं, वरण, भाज्या, मोदक सगळं मधोमध ठेवायला लावलं. "ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. आजपासून या घरात जबरदस्ती बंद."

विनिताचे यजमान जतीनराव आधीच्या पंगतीत जेवून तंबाखू चोळत बसले होते. ते ओरडले, "महादेवभाई, मग एकवीसचं काय?"

सगळे बघू लागले. महादेव म्हणाले, "जतीनराव, मला साखर झालीय. आजचा माझा मोदक खाऊन झाला."

जतीनराव उठून त्यांच्याजवळ येऊन बसले. "आधी सांगायचंत ना. माझ्या वडिलांना वीस वर्षं होती, पण जिभेचा शौक सुटला नाही. बिरडं घ्या, कोशिंबीर घ्या. भात थोडा." आणि त्यांनी स्वतः महादेवांच्या पानावर बिरडं वाढलं.

वाढायला कुणी लागत नव्हतं, म्हणून चंपा दारातच उभी होती. "तू कसली वाट बघतेस?" महादेवांनी शेजारी पान मांडलं. लग्न झाल्यापासून चतुर्थीला चंपा कधी गरम जेवली नव्हती. ती संकोचून बसली. पहिला घास घेतल्यावर म्हणाली, "बिरडं बरं झालंय हो." आणि सगळे हसले.

महादेव सावकाश जेवले. बोलत जेवले. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाचं घर बांधून होतंय, हे त्यांना या वर्षी पहिल्यांदा नीट कळलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. महादेव चपला घालून समुद्राकडे निघाले, तशी विनिताही सोबत निघाली. भरती होती. भिजल्या वाळूतून दोघं रमतगमत चालत राहिली.

"तुझी गाडी किती वाजता?" महादेवांनी विचारलं.

"यांना जाऊ दे पुढे," ती म्हणाली. "मी राहते आज. सकाळी वहिनीच्या हातची पेज खाऊन जाईन. वाटीभरच हं."

"तू म्हणशील तेवढी," महादेव म्हणाले.