नव्वद नंबरचं तेल

लुईस मिरांडाने बुलेट विकायला काढली, हे त्याच्या बायकोला, ज्युलियाला, शेजारणीकडून कळलं. मरोळच्या गावठाणात बातमी नेहमी अशीच फिरायची. घरच्या माणसाला ती सगळ्यात शेवटी कळायची.

"विकतोयस म्हणे?" मांदेली साफ करता करता तिने विचारलं.

"हात चालत नाही ना आता," लुईस म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

मे महिन्यात पावसाआधी कौलं परतताना शिडी सरकली होती. लुईस खाली आला तो डाव्या हातावर. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा मूठ वळत होती, पण तिच्यात जोर राहिला नव्हता. डॉक्टरने रबरी चेंडू दाबायला सांगितला. लुईसने तो कंपनीत दाबला, घरी दाबला, रविवारी चर्चमध्ये फादरचं प्रवचन चालू असतानासुद्धा खिशात हात घालून दाबला.

पाऊस ओसरल्यावर त्याने बुलेट बाहेर काढली. सोळा वर्षं ती चालवत होता. लग्नानंतर ज्युलियाला पहिल्यांदा पवईला फिरायला नेलं ते तिच्यावरूनच. पण आता गाडी त्याचं ऐकेना. डाव्या हाताने क्लच जमेल तितका दाबला, तरी ती पुढे ढकलतच राहायची. पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज. सिग्नलला न्यूट्रल सापडत नसे, मग ब्रेक दाबून धरायचा नाहीतर गाडी बंद करायची. एकदा साकीनाक्याला अशीच ती पुढे सरकली आणि एका टॅक्सीच्या मागच्या दिव्याला लागली. टॅक्सीवाला उतरला, लुईसच्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला, "चाचा, हाथ में दम नहीं तो बस से जाओ ना."

त्या टोमण्यापेक्षा ते 'चाचा' लुईसच्या मनाला लागलं. तो बावन्न वर्षांचा होता. म्हातारपण आपल्याकडे गुडघ्यातून किंवा डोळ्यांतून येईल असं त्याला वाटलं होतं. ते मनगटातून आलं. त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. मेकॅनिककडेही गेला नाही. दोष गाडीत नाही, आपल्यात आहे, अशी त्याची खात्रीच झाली होती.

गिऱ्हाईक आलं मुलुंडहून. नंदकिशोर नावाचा पंचविशीतला मुलगा, बँकेत नोकरीला, दंड जाडजूड. त्याने बुलेटभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाला, "अंकल, एक राउंड मारून बघू?"

"मी मागे बसतो," लुईस म्हणाला.

सोळा वर्षांत तो स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदाच मागे बसत होता. नंदकिशोरने गाडी छान उचलली. लुईस त्याच्या खांद्यावरून समोर बघत राहिला, गाडीचा आवाज ऐकत राहिला, आणि त्याला वाटलं, ठीक आहे, चांगल्या हातात जाईल.

मरोळ नाक्याला पोलिसाने हात केला. नंदकिशोरने क्लच दाबला, आणि गाडी पुढे सरकायला लागली. त्याने ब्रेक मारला, दोन्ही पाय जमिनीवर टेकले, गिअर वरखाली करून बघितला. न्यूट्रल येईना. शेवटी गाडी धक्का खाऊन बंद पडली.

"अंकल, क्लच चिकटतोय."

लुईस पुढे वाकला. "काय म्हणालास?"

"क्लच सुटतच नाही. बघा ना, पूर्ण दाबलाय मी."

"तुझ्या हाताला काही झालंय का रे?"

"माझ्या हाताला?" नंदकिशोरने मान वळवून बघितलं. "माझ्या हाताला काय व्हायचंय? गाडीचा प्रॉब्लेम आहे."

मागच्या बसवाल्याने हॉर्न लावला. लुईस मागच्या सीटवर हसायला लागला. मोठ्याने नाही, पण हसू थांबेना. नंदकिशोरला वाटलं, आपली चेष्टा चाललीय.

घरी आल्यावर लुईसने सरळ सांगितलं, "बाबा, माफ कर. गाडी द्यायची नाही."

"अहो, क्लचचं म्हणालो म्हणून राग आला काय? थोडी कमी करा किंमत, मी करून घेतो काम."

"राग नाही रे. उलट उपकार केलेस."

"मुलुंडवरून दोन बस बदलून आलोय मी!" नंदकिशोर चिडलाच. ज्युलियाने त्याला बसवून चहा दिला, वर जेवूनच जा म्हणाली. तो जेवला नाही, पण जाताना त्याचा आवाज जरा खाली आला होता.

संध्याकाळी लुईसने धाकट्या भावाला हाक मारली. लिओनार्ड त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायचा, एमआयडीसीत टर्नर होता. दोघांनी बुलेटच्या डाव्या बाजूचं फुगीर झाकण सैल केलं. क्लच आणि इंजिनाची आतली साखळी त्या झाकणाखाली तेलात बुडालेली असते. तेल धरायला लुईसने स्वयंपाकघरातली परात आणली, आणि ज्युलियाने बघण्याआधी ती भरलीसुद्धा.

तेल पडत नव्हतं, उतरत होतं. काकवीसारखं, सावकाश.

"हे काय आहे?" लुईस म्हणाला. "हे मी घातलेलं नाही."

लिओनार्ड बोटावर तेल घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी घातलं. नव्वद नंबर."

"गिअरबॉक्सचं?"

"तुझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी चालवत होतो ना. साखळी आवाज करायची. म्हटलं, जाड तेल घालू, आवाज दबेल. तुला परत देताना धुतली, पुसली, तेल भरलं. तुला बरं वाटावं म्हणून, दुसरं काही नाही. नंतर मी चालवलीच नाही रे, मला कसं कळणार?"

"आणि मी विकायला काढली तेव्हा?"

"मला वाटलं, हात दुखतोय तुझा. तू कधी बोललास का, क्लच चिकटतो म्हणून?"

हे खरं होतं. जाड तेलात क्लचच्या चकत्या एकमेकींना धरून बसत होत्या. हाताने कितीही ओढलं तरी सुटत नव्हत्या. आणि तो तीन महिने रबरी चेंडू दाबत होता.

"माझी परात!" ज्युलिया दारातून ओरडली. "भाकरीचं पीठ कशात मळू मी?"

"नवीन आणतो, वहिनी," लिओनार्ड घाईने म्हणाला.

आता कुठलं तेल घालायचं, यावर दोघांची जुंपली. लुईसला आठवत होतं की जुना मेकॅनिक पातळ तेल घालायचा, पण नंबर आठवत नव्हता, आणि तो मेकॅनिक कधीच गावी निघून गेला होता. लिओनार्डचं म्हणणं, इंजिनात जातं तेच चाळीस नंबर घालू. फार पातळ घातलं तर साखळी झिजेल. अंधेरीच्या दुकानदाराने तिसरंच, महागडं काहीतरी पुढे केलं. शेवटी ज्युलिया म्हणाली, "घालून बघा ना रे. तेलच आहे, औषध आहे का?"

आधी चाळीस घातलं. फरक पडला. गाडी तापल्यावर क्लच नीट सुटायचा, पण सकाळी पहिला गिअर टाकताना अजून दणका बसायचा. पुढच्या रविवारी ते काढलं आणि वीस नंबर घातलं. साखळीचा आवाज परत आला. तेव्हा लिओनार्डने आत बघितलं. साखळी लोंबत होती. तिला खालून ताणून धरणारी पट्टी होती, ती त्याने वर घेतली आणि आवाज निम्मा झाला.

"म्हणजे आवाजात तेलाचा दोषच नव्हता," तो म्हणाला. "साखळीच सैल होती."

"मग सांग आता, कुठलं?"

"वीस," लिओनार्ड म्हणाला. हरलो असं म्हणायची त्याची तीच पद्धत होती.

लुईसने गाडी सुरू केली, क्लच दाबला, गिअर टाकला. हलकासा टक आवाज आला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तो तसाच क्लच दाबून थोडा वेळ बसला. उगाचच.

त्याच संध्याकाळी ज्युलियाला घेऊन तो पवईला निघाला. साकीनाका पार झाला, चढ लागला आणि मनगट ठणकायला लागलं. तेलाने चकत्या सुटल्या होत्या, पण मोडून सांधलेलं हाड पहिल्यासारखं झालं नव्हतं. तलावाच्या कडेला त्याने गाडी थांबवली.

"दुखतंय?" ज्युलियाने विचारलं.

"दुखतंय," तो म्हणाला. प्लास्टर निघाल्यापासून त्याने पहिल्यांदाच हे तिला सांगितलं.

तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याने मनगट दाबायला लागली. "मग कंपनीत बसने जा. रविवारी काढ गाडी. रोज कशाला?"

"आणि इतर दिवस गाडी उभीच?"

"लिओनार्ड नेईल ना. त्याला सांग फक्त, न विचारता काही घालू नको."

लुईस हसला. पाण्यावर ऊन उतरत होतं, पलीकडे कुणीतरी गळ टाकून बसलं होतं. "अजून थोडं वर दाब," तो म्हणाला. "हां, तिथेच."