गोड्या पाण्याचा धाकला

तानसा तलावाचं पाणी मुंबईच्या नळांना येऊन दोन वर्षं झाली होती, आणि परळला एक जुनं तळं बुजवून तिथं गिरणीची भिंत उठत होती. गुणवंती मासळीची पाटी घेऊन रोज त्या भिंतीजवळून जायची. एके दिवशी गवंड्याच्या हाताखाली माती वाहणारी शेवंती तिला आडवी आली. तिच्या हातात चिखलानं माखलेलं, तळहाताएवढं काहीतरी होतं.

"घे गं कोळणी. ढेकूळ म्हणून टोपलीत भरलं, तर चालायला लागलं. उद्या इथं ओंजळभर पाणी राहायचं नाही. तू पाण्याजवळची, तूच ने."

गुणवंतीनं अंगठ्यानं चिखल पुसला. आतून काळी पाठ निघाली, तिच्यावर तीन बारीक कणे. पुढून अर्धं नाक बाहेर आलं, जग पाहिलं, ते काही पसंत पडलं नाही, आणि परत आत गेलं. तिला हसू फुटलं. रिकाम्या पाटीत ओला पाला घालून तिनं कासव वर ठेवलं आणि वरळीच्या कोळीवाड्याची वाट धरली.

घरी ओट्यावर सासरे बसले होते. हरेश्वर तांडेल, होडीचे म्होरके. दोन वर्षांपूर्वी होडीची डोलकाठी त्यांच्या गुडघ्यावर कोसळली, तेव्हापासून होडी मुलगा जगन, गुणवंतीचा नवरा, नेई आणि तांडेल ओट्यावरून आल्यागेल्याला वारा कुठला, जाळं कुठं टाकावं ते सांगत. पहिल्या वर्षी लोक थांबून ऐकायचे. मग 'व्हय व्हय' म्हणत पुढं जाऊ लागले. आता तांडेलच बोलत नसत. ताट समोर जाई, अर्धं तसंच परत येई.

कासव पाहिलं आणि म्हातारा उभा राहिला. काठीशिवाय.

"सोने! अगो सोने, ते कापलेलं पिंप रिकामं कर!"

"त्यात माझं मीठ हाय," आतून सासू सोनूबाई म्हणाली.

"मीठ हंडीत घाल. घरात पाव्हणा आलाय!"

त्या दिवसापासून घराची हवा बदलली. कासवाचं नाव पडलं धाकला. भरती लागली की तांडेल बादली घेऊन लंगडत लंगडत पाण्याकाठी जात, ताजा दर्या भरून आणत आणि पिंपात ओतत. "पी बाबा, तळ्याच्या डबक्यातनं आलास तू. दर्या कसा असतो तो बघ." ताटात आता भाताचं शीतही उरत नव्हतं. सोनूबाई शेजारणीला सांगे, "म्हातारपणी माझ्या घरात पाळणा हललाय बघ."

पण पाचव्या दिवसापासून धाकला खाईना. सहाव्या दिवशी त्याच्या पापण्या सुजल्या. आठव्या दिवशी दोन्ही डोळे मिटले ते मिटलेच, आणि तो पिंपाच्या कडेला मान टेकून वर येण्यासाठी पाय घासत राहिला. तांडेल त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी ताट पुन्हा अर्धं परत आलं.

गुणवंतीला दुखणं कळलं होतं. तिचं माहेर ठाण्याचं, तलावाच्या काठचं. असली कासवं तिथं घाटाच्या पायरीवर ऊन खात बसायची. हा जीव गोड्या पाण्याचा, आणि आपण त्याला रोज खाऱ्यात बुडवतोय. पण सांगायचं कसं? लग्नाला वर्ष झालेलं. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, पण घरी सासऱ्यासमोर पदर पुढं आणि मान खाली, असा रिवाज. त्यातून पाण्यातल्या जिवाविषयी हरेश्वर तांडेलाला शिकवायचं! तिनं सासूला सांगून पाहिलं. सोनूबाईनं नवऱ्याला सांगितलं.

"तू मासे विक," तांडेल म्हणाले. "दर्याच्या पाण्यानं आजवर कुणाचं वाईट झालंय?"

जे तोंडानं बोलता येत नाही ते जात्याशी बोलायचं, हे कुठल्याही सुनेला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरीचे तांदूळ दळताना गुणवंतीनं गळा मोकळा केला. भिंतीपलीकडं ओटा होता.

गोड्या पाण्याचा गं जीव
खाऱ्यात मिटे डोळा
मीठ घातलं बाई बाळा
न्याहारीला

जातं घरघरत राहिलं. ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला.

"सोने, आपल्या जात्याला दर्या शिकवायची हौस आलीय वाटतं."

"जात्याला कान नायत म्हणून ते बोलतंच राहतं," सोनूबाई चूल फुंकत म्हणाली. "तुमाला कान असून तुमचंही तेच."

जगन दाराआड तोंडावर हात दाबून हसला. तांडेलांनी मात्र भरतीची बादली आणलीच.

गुणवंती दिवसभर विचार करत राहिली. म्हाताऱ्याला पटेल असं काय? लालबागच्या चाळींपुढं कोळंबीचे वाटे मांडतानाही तिच्या डोळ्यांपुढं धाकल्याचे पिंपावर घासणारे पाय होते. पाय! तिथंच तिला वाट सापडली. दुसऱ्या पहाटे तिनं मूठभर तांदूळ टाकले आणि तांडेलाच्याच भाषेत गायली.

दर्याच्या कासवाला
दोन्ही हातांत वल्ही
धाकल्याला नखं दिली
चिखलासाठी

या वेळी ओट्यावरून खाकरणं आलं नाही. गुणवंतीनं जातं थांबवून दाराच्या फटीतून पाहिलं.

तांडेलांनी धाकल्याला पिंपातून उचलून मांडीवर घेतलं होतं. उजाडत्या प्रकाशात ते त्याचा पुढचा पाय दोन बोटांत धरून पाहत होते. या माणसानं सबंध आयुष्य दर्यावर घालवलं होतं. जाळ्यात अडकलेली कितीतरी दर्याची कासवं त्यानं स्वतःच्या हातांनी सोडवून पाण्यात लोटली होती. ते चपटे, वल्ह्यासारखे हात त्याला पाठ होते. इथं पाच बोटं होती, बोटांमध्ये कातडं होतं, आणि प्रत्येक बोटाला टोकदार नख. त्यांनी दुसरा पाय पाहिला. मग मागचे दोन्ही पाहिले. मग धाकल्याच्या मिटल्या डोळ्यांकडं पाहत ते हळूच म्हणाले, "तांडेल म्हणवतो मी."

त्यांनी पिंप लवंडलं. दहा दिवसांचा दर्या अंगणातून वाहून गेला.

गुणवंतीला वाटलं, आता हाक येईल, पाणी आण म्हणून. हाक आली नाही. दुपारी ती पाटी रिकामी करून कोळीवाड्याच्या तोंडाशी आली, तेव्हा सरकारी नळावर हसण्याचा नुसता कल्लोळ चालला होता. बायकांच्या रांगेत, दोन घागरींच्या मध्ये, तांब्याचा हंडा घेऊन हरेश्वर तांडेल उभे होते. गुडघा मोडल्यापासून ते एवढ्या लांब चालत आले नव्हते.

"तांडेल, जाळं घरी विसरलात?"

"आवो, हितं भरती तुमच्या हुकमानं येत नाय. नंबरानं उभं राहा!"

"सोनूबाईचा हात मोडला का काय?"

"सोनूबाईचा हात धड हाय," तांडेल म्हणाले. "माझी अक्कल मोडली व्हती. गोडं पाणी न्यायला आलोय, आमच्या धाकल्याला. हसा, हसा. पन रांग पुढं सरकवा, पोरगं घरी सुकं बसलंय."

यावर नळच हसतोय असं वाटावं, इतक्या बायका हसल्या. पण एकीनं आपली घागर मागं घेतली, मग दुसरीनं, आणि तांडेल नळापाशी पोहोचले.

गुणवंती कडेला उभी होती. हंडा भरला. सासऱ्यांनी तो खांद्यावर घेतला, एक पाय ओढत निघाले, आणि प्रत्येक पावलाला पाणी सांडून त्यांची पाठ भिजू लागली. तिचा हात पुढं झाला होता. तिनं तो मागं घेतला, आणि घरापर्यंत चार पावलं अंतर ठेवून मागून चालत राहिली.

पहिल्या दिवशी धाकला हलला नाही. दुसऱ्या दिवशी एका पापणीची सूज थोडी उतरली. तांडेल दोन वेळा नळावर गेले. तिसऱ्या सकाळी जगननं होडीवरून मूठभर ओला जवळा आणला. तांडेलांनी त्यातला एक चिमटीत धरून पाण्यात सोडला. धाकल्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मान लांब केली, इतकी लांब की सोनूबाई 'अगो बाय' म्हणाली, आणि गटकन जवळा गिळला.

"खाल्ला!" तांडेल ओरडले. "जगन, खाल्ला रे! सोने, बघितलंस? गुणवंती!"

सासऱ्यांनी तिला नावानं हाक मारल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. ती दारापर्यंत आली, पदर पुढं ओढून उभी राहिली.

"आत नको, हितं ये. समोर. आता जातं पुरं झालं, तोंडानं बोल. आनखी काय काय चुकतंय माझं?"

गुणवंतीनं सासूकडं पाहिलं.

"बोल गो बाय," सोनूबाई म्हणाली. "मना पस्तीस वर्सांत हे कुनी विचारलं नाय. तू तरी सोडू नको."

गुणवंतीनं पदर थोडा मागं सारला. सुरुवातीला आवाज हळू होता, मग हळूहळू बाजारातला आवाज बाहेर आला. "बाबा, सुका बोंबील देता तो बंद करा, त्यात मीठच मीठ. ओलं द्या, जरा पाला पन द्या. पानी रोज बदला, जिथं खातो तिथंच घान करतो तो. काठोकाठ भरू नका, मान वर काढता आली पायजे. बसायला दगड पायजे, पाठ सुकवायला. आनि पाठीला माशाचं तेल चोळता, ते सोडा. तो होडी नाय!"

जगननं ओट्याच्या खांबाला धरून हसून घेतलं. तांडेल मात्र एकेक गोष्ट बोटावर मोजत होते.

"आनि?"

"आनि पिंप सावलीत कोंडलंय. त्याला ऊन पायजे. पन अर्ध्यातच ऊन यावं, तापलं तर सावलीत जाता आलं पायजे."

"जगन," तांडेल म्हणाले, "ते टोक धर."

बापलेकांनी पिंप उचललं. पाणी या कडेला गेलं, त्या कडेला गेलं, आणि त्या हिंदकळण्यात धाकल्यानं चारी पाय पसरून पोहायला सुरुवात केली.

"अरे हळू, हळू! माझा अख्खा ओटा भिजवलात!" सोनूबाई ओरडली.

कुणीच हळू केलं नाही. "अजून थोडं उजवीकडं, बाबा," गुणवंती पुढं होऊन हातानं दाखवत होती, आणि हरेश्वर तांडेल सुनेच्या हुकमानं उजवीकडं वळत होते.