सृष्टीची दुहेरी डॉक्टरकी

मी एक जुनी निळी स्कूटी आहे, मित्रांनो. कारखान्यातून नवी निघाले तेव्हा नांदेडच्या शोरूममध्ये माणसं माझ्या चकचकीत अंगात आपला चेहरा बघायची. आधी बँकेतल्या एका बाईंनी मला वापरलं. त्यांची बदली झाली आणि मी सृष्टीकडे आले.

सृष्टी देवणीची. वडील वैजनाथराव शेती करतात, गाई पाळतात. लेकीला नांदेडला एमबीबीएसला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी मला घेतलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. वसतिगृह, दवाखाना, चहाची टपरी, सगळीकडं मीच. "लई गुणाची हाय माझी गाडी," असं सृष्टी मैत्रिणींना सांगायची, तेव्हा मला नवा रंग दिल्यासारखं वाटायचं.

पुढचं घरात ठरलेलंच होतं. लातूरला एमडी करायची आणि देवणीत लेकरांचा दवाखाना टाकायचा. सृष्टीलाही तेच हवं होतं.

शेवटच्या वर्षी एके दुपारी ती दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तोंडाला स्कार्फ बांधत होती. तेवढ्यात पोराला दाखवायला लोह्याहून आलेल्या अयोध्याबाई मागून आल्या. त्यांच्या कडेवर पोरगा होता. त्याच्या पायांतली ताकद हळूहळू जात होती. थोरल्यालाही तेच झालेलं.

"मॅडम, रोगाचं नाव सांगितलं तुम्ही. दवा कुठाय?"

"दवा अजून कुणाला सापडली न्हाई, मावशी."

"मंग शोधतंय कोन?"

अयोध्याबाई निघून गेल्या. सृष्टीनं माझ्यावर बसून स्कार्फ सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला.

त्यानंतर टपरी सुटली. आम्ही ग्रंथालयाकडं वळू लागलो. लांबच्या शहरातल्या एका संस्थेत एमडी आणि पीएचडी एकत्र करता येते, हे तिला तिथं कळलं. पेशंटही तपासायचे आणि त्यांच्या आजारावर प्रयोगशाळेत संशोधनही करायचं. पण वर्षं दुप्पट. तिनं लातूरला आणि त्या संस्थेत, दोन्हीकडं अर्ज केला.

त्या संस्थेच्या मुलाखतीची तयारी ती माझ्यावर बसूनच करायची. "नुसती एमडी का नको?" असं स्वतःलाच विचारायची आणि स्कार्फच्या आत पुटपुटत उत्तर द्यायची. आधी उत्तरं लांबलचक, जड शब्दांची होती. शेवटी एकच वाक्य उरलं, "एका आईनं मला विचारलंय म्हणून."

दोन्हीकडं तिचं नाव लागलं. वैजनाथराव नांदेडला आले. लेकीच्या मागं ते जरा अवघडूनच बसले. गोदावरीच्या पुलाजवळ तिनं मला थांबवलं.

"आबा, लातूरलाबी लागलंय, तिकडंबी लागलंय."

"मंग लातूरच की. त्यात काय इचारायचं?"

तिनं सगळं सांगितलं. ते नदीकडं बघत ऐकत होते.

"इतकी वर्षं घातल्यावर दवा सापडंल का?"

"सांगता येत न्हाई, आबा."

"आन मी देवणीत वाट बघू?"

तिचे डोळे भरले. "तुम्ही न्हाई म्हनलात, तर न्हाई जाणार."

वैजनाथराव म्हणाले, "गाय आजारी पडली की म्या तिच्यापाशी बसून ऱ्हातो. दुसरं काय येतंय मला? तुला येतंय. जा तू."

जाण्याआधी ती मला घेऊन लोह्याला गेली. अयोध्याबाईंनी पोराला माझ्या सीटवर बसवलं. त्यानं हॉर्न वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "सापडली तर आधी इकडं ये."

सृष्टी गेल्यापासून मी देवणीच्या घरी कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते. अंगावर धूळ बसलीय, सीट फाटलीय. रस्त्यावरून एखादी मुलगी स्कार्फ बांधून गेली, की मला वाटतं, तीच असेल. ती नसते. पोरांनो, उभं राहून राहून गाडीचं पेट्रोल नासतं, बॅटरी उतरते. कुणी लांब गेलं असेल तर त्याची गाडी अधूनमधून चालू करत जा.

वैजनाथराव करतात. रविवारी माझ्यावर बसतात, बटण दाबतात, जात मात्र कुठंच नाहीत. माझे आरसे अजून सृष्टीच्या उंचीचेच आहेत, ते त्यांनी हलवलेले नाहीत. माझा आवाज ऐकून सृष्टीची आई मंजुळाबाई पदराला हात पुसत दारात येतात. लेक आलेली नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

तरी येतात.