शनिवारच्या माणसांची सावड

माझ्या घरात एकही फळी माझ्या छातीच्या वर नाही. डबे, बरण्या, औषधं, सगळं खाली. कारण मी वरचं काही काढायला हात उचलला की साळूबाई, माझी बायको, अजून खांदा आखडते. तिला मारणं सोडून मला अकरा वर्षं झाली. लोक विचारतात, "कुंडलिकराव, माणूस सुधारतो का हो?" मी म्हणतो, घरी या आणि माझ्या फळ्या बघा.

चौदा वर्षं मारलं तिला. गळ्यात माळ घालून मारलं. एसटीवर ड्रायव्हर होतो, भोर-वेल्हे गाडीवर उभा जन्म गेला, घाटात कधी कुणाला धक्का लावला नाही. म्हणजे हात ताब्यात ठेवता येत होते. माझा बाप मारायचा, त्याचा बापही मारायचा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबबी ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

दर शनिवारी चार वाजता भोरमध्ये आमचा गट बसतो, बायकोवर हात टाकणाऱ्या पुरुषांचा. एका संस्थेच्या ताईंनी तो सुरू केला. त्या पुण्याला गेल्या आणि गट माझ्या गळ्यात पडला. आम्ही नऊ जण. शेतकरी आहेत, टेम्पोवाला आहे, कचेरीत चांगल्या खुर्चीवर बसणारा रघुवीर आहे. इस्त्रीच्या शर्टातला हात काही कमी लागत नाही. आमची रीत सावडीची. भाताच्या लावणीला आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या, तशीच ही रागाची सावड. डोकं तापलं की घराबाहेर पडायचं आणि गटातल्या माणसाला फोन लावायचा. त्यानं हातातलं काम टाकून यायचं. शिवाय प्रत्येकानं भाकरी करायला शिकायचं. चुलीपुढं घाम गाळला की 'जेवण वेळेवर नाही' म्हणणारी जीभ जरा थंड होते.

प्रशिक आमच्यातला सगळ्यात तरुण, उत्रोलीचा. त्याच्या बाबतीत मी माती खाल्ली. तीन महिने तो नेमानं आला, ढसाढसा रडला, आणि मला वाटलं, पोरगा सुटला. मागच्या दिवाळीआधी मी स्वतः भोंगवलीला त्याच्या सासरी गेलो. "माझ्या जबाबदारीवर चल पोरी," असं सांगून त्याच्या बायकोला, शिवानीला, परत आणली. पुरुष रडला की आपण विरघळतो. बाई किती रडली हे विचारायचं राहूनच जातं. महिन्याभरात त्यानं तिचं मनगट मोडलं. चार वर्षांची प्रेरणा दारात उभी राहून बघत होती.

शिवानीनं पोलिसांत तक्रार दिली आणि लेकीला घेऊन माहेरी गेली. मी तिची माफी मागायला गेलो. तक्रार मागं घे असं एका शब्दानं म्हणालो नाही. ती म्हणाली, "काका, आता यीन तर माझ्या मनानं यीन. कुणी न्यायला आलं तर मुळीच न्हाई." प्रशिकनं ते तिच्या भावासमोर कबूल केलं. त्यानंतर त्यानं एक शनिवार चुकवला नाही आणि भोंगवलीची वाटही धरली नाही.

जुलैत लावणी आली आणि त्याचा फोन आला.

"काका, लवकर या. आबा म्हनत्यात, उद्याच्याला शिवानीला घिऊन ये, खाचरात हात कमी पडत्यात. म्या न्हाई म्हनलो तर आयच्या अंगावर धावून गेले. माझा हात लई शिवशिवतोय. मी हितं बांधावर यिऊन उभा ऱ्हायलोय."

गाडीला किक मारली आणि गेलो. प्रशिकचे वडील साहेबराव ओट्यावर बसले होते, मांडीवर चिव्याच्या बांबूची काठी. आतल्या दाराशी पारूबाई, त्यांची बायको, पदरानं गाल झाकून. छत्तीस वर्षांचा संसार. झाकायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"सून असून माझ्या रानात मानूस न्हाई," साहेबराव म्हणाले. "ह्यो तुमच्या वर्गात जाऊन बायल्या झालाय. चार खाचरं हायेत. रोपं पिवळी पडाय लागलीत. मानसं तुमी देताय का?"

"देतो," मी म्हणालो. "परवा रविवारी आठ मानसं आनतो. सुनंला आनायचं नाव काढू नका."

शिवानीला एकदा मीच त्या घरात ढकललं होतं. दुसऱ्यांदा कुणाला तिला तिथं न्यायचं असेल तर आधी मला ओलांडावं लागेल, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

रविवारी सकाळी आम्ही खाचरात उतरलो. आमच्याकडं चिखलणी पुरुषांची आणि वाकून रोपं लावायची ती बायकांनी. त्यामुळं शेजारच्या बांधावरून जे फिदीफिदी हसणं सुरू झालं, ते दुपारपर्यंत थांबलं नाही. रघुवीरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्यानं लावलेली अख्खी ओळ पाच मिनिटांत पाण्यावर तरंगायला लागली.

पारूबाई प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बांधावर आली. "अवो साहेब, अंगठ्यानं दाबा की चिखलात! चिठ्ठी टाकल्यावानी काय टाकताय?" म्हणाली आणि हसली. चांगली मोठ्यानं हसली. मी त्या घरी वर्षभर जात होतो, पण तिचा हसण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

साहेबरावांनीही ऐकला. ते काठी घेऊन तरातरा बांधावरून आले.

"चारचौघांत दात काढतीस? माझ्या घराची शोभा करतीस?"

काठी वर गेली. प्रशिक दोन ढांगांत खाचरातून वर आला आणि आईच्या पुढं उभा राहिला. काठी त्याच्या खांद्यावर बसली. काठीची भीती नव्हती मला, प्रशिकच्या हातांची होती. शिवानीचं मनगट मोडणारे ते हात मला माहीत होते.

त्याच्या दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या होत्या. त्या त्यानं सोडल्या नाहीत.

"मारा आबा. आजानं तुमाला मारलं, तुमी मला मारलं, म्या शिवानीला मारलं. प्रेरणानं दारातनं बघितलं. बास! काय उरलं आसंल त्ये माझ्या पाठीत घाला. माझ्या हातनं आता फुडं जानार न्हाई. तुमच्यावर बी हात उचलनार न्हाई, आन् आयला बी मारू दिनार न्हाई."

साहेबरावांनी आणखी एकदा मारलं. मग रघुवीरनं चिखलाच्या हातानं काठी धरली, टेम्पोवाला येऊन शेजारी उभा राहिला, मीही गेलो. कुणी त्यांना बोट लावलं नाही. काठी मात्र कुणी सोडली नाही.

पारूबाईनं पाटाच्या पाण्यात पाय धुतले. प्लॅस्टिकचा कागद घडी घालून काखेत मारला. म्हणाली, "कुंडलिकभाऊ, भोंगवलीची गाडी किती वाजता?"

"सुनंला आनाय चाललीस व्हय?" साहेबरावांचा चेहरा जरा खुलला.

"न्हाई. तिच्यापाशी ऱ्हायाला चालले. तिला सांगते, तुला ह्या घरात परत बोलावनारी सासू आता उरली न्हाई."

"आन् हितं भाकरी कोन करनार?"

"शनवारी चार वाजता शिकिवत्यात," पारूबाई म्हणाली आणि रस्त्याला लागली. प्रशिकनं तिला हाक मारली नाही. तो पुन्हा खाचरात उतरला आणि ओळ धरली. दिवस मावळायच्या आत चारही खाचरं लावून झाली. ओळी वाकड्या होत्या, पण रोपं उभी होती.

घरी आलो तेव्हा कंबर धरली होती, तरी स्वयंपाकाची पाळी माझी होती. भाकरी थापता थापता साळूबाईला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पारूबाई रस्त्याला लागली इथपर्यंत आलो, तशी ती म्हणाली, "माझ्या टायमाला आसं कुनी आसतं, तर मी बी गेले आसते."

खोटं कशाला सांगू, लागलं ते मला. अकरा वर्षांचं माझं पुण्य तिनं एका वाक्यात जागेवर ठेवलं. "गेली असतीस तर बरं झालं असतं," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

तिनं तव्याकडं बोट केलं.

"भाकरी उलटा," ती म्हणाली. "करपतीया."