मला सरकती हवी होती

पाय माझा अधू आहे, हात चांगले शाबूत आहेत. दादाच्या घरात रस्त्याकडच्या खोलीत मी शिवणयंत्र घेऊन बसते. गिऱ्हाईक खिडकीतून कपडे देतं, खिडकीतूनच नेतं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, गणवेश उसवायचा. या खिडकीच्या जिवावर मी कुणापुढे हात पसरत नाही, आणि वहिनीला नेमकं तेच खुपतं. "लोक म्हणतात, अधू नणंदेला राबवते," हे ती उठता-बसता ऐकवते.

जुन्या चौकटींना वाळवी लागली तेव्हा दादाने घरभर नव्या खिडक्या बसवायचं काढलं. वहिनी मला गाडीत घालून दुकानात घेऊन गेली. "तुझी खोली, तुझी पसंती," म्हणाली. मी चाटच पडले.

दुकानदाराने नमुने दाखवले. बाहेर उघडणारी एखाद्याच्या कपाळात बसली असती. नुसती बंद काच तर मला नकोच होती. सरकती मी पुन्हापुन्हा सरकवून पाहिली. यंत्रावरून न उठता हात पोचेल अशी कडीची उंची सांगितली. "काच कुठली?" त्याने विचारलं. मी इतकी खूश होते की म्हटलं, "काच वहिनी सांगेल."

खिडकी बसवायला माणसं आली तेव्हा धुळीचं निमित्त करून मला मागच्या खोलीत बसवलं. संध्याकाळी येऊन बघते, तर सरकायला काही नाहीच. अख्खी बंद, दुहेरी काच आणि वर एसी.

"एसी लावल्यावर उघडी खिडकी काय कामाची? म्हणून मी मागाहून ऑर्डर बदलली. तुझ्यासाठीच हो!" वहिनी म्हणाली.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," खिडकी बघायला आलेली शेजारीण कौतुकाने म्हणाली. दोघींची थोबाडं फोडावीत असं मला वाटलं. दादा एसीचा रिमोट दाबून बघत होता.

सकाळी दवाखान्यातली नर्स गणवेश घेऊन आली. खिडकीशी थांबली, थेट माझ्याकडे बघितलं आणि केस सारखे केले. मग दात तपासले. बाहेरून त्या काचेचा आरसा होत होता. मी हाका मारल्या, कात्रीच्या मुठीने काच ठोकली. तेवढ्यात वहिनी तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. नर्सने मान डोलावून गणवेश पिशवीत कोंबला. काठी टेकत मी दारापर्यंत पोचले तेव्हा ती कोपऱ्यावरून वळली होती.

"तू शिवण सोडलंस, असं सांगितलं तिला," वहिनी चप्पल काढत म्हणाली. "उद्यापासून पोरांचा अभ्यास घेत जा. नाहीतरी बसूनच असतेस."

"वहिनी, मी आतून ओरडत होते. काच ठोकत होते."

"खरंच?" तिचा चेहरा खुलला. तिने तिथूनच दादाला हाक मारली. "अहो, ऐकलंत का? दुकानदार खोटं नाही बोलला. बाहेर एक अक्षर ऐकू येत नाही. पैसे वसूल!"