नाक वर करून बसलेलं विमान

या मित्रांनो, जरा सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढे या. इथे टाळ नाही, मृदंग नाही, पण कान मात्र कीर्तनाला देता तसेच द्या. एक गोष्ट सांगतो. सांगताना माझी थोडी चिडचिड होईल, ती पोटात घाला. ज्याला पंख आहेत, पण स्वतःच्या तीन पायांवर धड उभंही राहता येत नाही, त्यानं चिडू नये तर काय करावं?

मी एक जुनं विमान आहे. खरं सांगायचं तर एका जुन्या जेट विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती. पंखांखाली चिरुटासारखी दोन बारीक इंजिनं असलेली ती विमानं एकेकाळी नागपूरच्या धावपट्टीवर रोज उतरायची. आता तशी दिसत नाहीत.

माझा जन्म खोक्यात झाला. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभरेक तुकडे, एक इंग्रजी कागद आणि पाण्यात भिजवून लावायच्या स्टिकरांचं पान, एवढाच मी होतो. वैशाखात ते खोकं मध्य प्रदेशात, बालाघाटला तेजरामच्या घरी आलं. तेजराम लालबर्रा रोडवरच्या राइस मिलमध्ये पस्तीस वर्षं फिटर होता. हाताची बोटं केळ्यांसारखी जाड. अशा बोटांत माझं नखाएवढं चाक आलं की ते आधी जमिनीवर पडायचं, मग पलंगाखाली जायचं.

या वयात त्याला हा उद्योग कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचा थोरला भाऊ शालिकराम नागपूरच्या विमानतळावर लोडर होता. लोकांच्या बॅगा विमानात चढवायच्या आणि उतरवायच्या, तीस वर्षं. निवृत्तीनंतर त्याला काचबिंदू झालेला. चहूबाजूंनी अंधार आत सरकत आलेला आणि मधोमध सुपारीएवढी नजर उरलेली. डॉक्टर म्हणाले होते, तीही पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली तर टिकली. तेव्हा त्यानं फोनवर तेजरामला सांगितलं,

"तेजू, तीस वर्षं मी विमानाच्या पोटाखालीच होतो रे. गाडी आली का बॅगा उतरव, बॅगा चढव. मान वर करून पाह्याले टाइमच नव्हता. आता वाटते, एकडाव अख्खं विमान पाहावं, नाकापासून शेपटीपर्यंत. पण खरं विमान आता माह्या डोळ्यात मावत नाही."

मावेल एवढं विमान आणायचं, असं तेजरामनं त्या दिवशी ठरवलं. कार्तिकात वॉर्डातल्या मंदिरात नामसप्ताह असतो. काल्याच्या कीर्तनाला, म्हणजे शेवटच्या दिवशी, शालिकराम दरवर्षी येतो. तोवर मी पूर्ण व्हायला हवा होतो.

मित्रांनो, तेजरामचं काम भजनी माणसाचं. मोबाइलवर कीर्तन लावल्याशिवाय तो डिंकाची बाटली उघडत नसे. बुवा सांगत, क्रोध आवरावा. तेवढ्यात तेजरामचा अंगठा माझ्या पंखाला चिकटे आणि तोंडातून असा शब्द निघे की तो स्वतःच घाईनं 'रामकृष्णहरी' म्हणून कीर्तनाचा आवाज वाढवी. इंग्रजी कागद वाचायला त्याची मुलगी श्रुतिका होती. ती कचेरीत नोकरीला. संध्याकाळी येऊन एक पायरी वाचायची आणि बापाला ताकीद द्यायची, "बाबा, आजच्यापुरतं एवढंच. समोर जाऊ नका." बाबा पुढे जायचेच.

एका पायरीवर लिहिलं होतं, धड बंद करण्याआधी नाकात साठ ग्रॅम वजन भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. तेजराम मासे पकडायच्या जाळ्याचं शिसं आणायला निघाला. तेवढ्यात त्याची बायको तुळसाबाई स्वयंपाकघरातून आली.

"अवो, नव्या वस्तूच्या पोटात शिसं भरता? कोठी असो का पेटी असो, आपल्या घरी नवी वस्तू तांदूळ घातल्याशिवाय बंद करत नाहीत. आणि हे तर भाऊजींसाठी आहे."

"अवं, हे विमान आहे, कोठी नाही."

"वजनाले वजन पाह्यजे ना? मंग तांदळाले का वजन नसते?"

निघालेल्या फिटरनं चप्पल काढून ठेवली. तुळसाबाईनं घरचा वासाचा चिन्नोर तांदूळ घेतला, हळद-कुंकू आणि पाण्याचा हात लावून अक्षता केल्या आणि साठ ग्रॅम मोजून माझ्या नाकात ओतल्या. मागे पुठ्ठ्याचा एक पडदा लावला. माझे दोन अर्धे जुळले. आयुष्यात पहिल्यांदा मला पोट लाभलं, आणि त्या पोटाला चिन्नोरचा वास होता. त्या दिवशी मी तीन पायांवर असा ताठ उभा राहिलो की शेजारची शीला पाहायला आली आणि म्हणाली, "अरे वा, ये तो उड़ जाएगा, भैया!"

माझ्या कौतुकाचे दिवस तेवढेच. मग पाऊस लागला. पांढरा रंग दिला, तो सुकेना. सुकायला आला तर त्यावर माशी बसली. माशी काढली तर तिचा पाय राहिला. पॉलिशपेपरनं घासून पुन्हा रंग, पुन्हा दमट हवा, पुन्हा पापुद्रा. स्टिकर पाण्यात टाकला की वळून स्वतःलाच चिकटायचा. तेजराम मला दिवसातून चारदा हातात घ्यायचा आणि पाच वेळा खाली ठेवायचा. मी म्हणायचो, बाबा रे, एक दिवस मला एकट्याला राहू दे. पण माझं कोण ऐकतं?

आणि भादव्यातल्या एका सकाळी माझं नाक वर होतं आणि शेपटी फळीला टेकलेली.

"मांजरीनं पाडलं," तुळसाबाई म्हणाली.

"फळीच वाकडी आहे," श्रुतिका म्हणाली.

तेजरामनं फळीला पाणसळ लावली. फळी सरळ होती. मग त्यानं माझं पुढचं चाक काढून बारीक केलं. मागची चाकं सरकवली. नाक दाबून खाली आणलं, की बोट उचलताच ते पुन्हा वर. मित्रांनो, आपल्याला काय झालंय हे आपल्याला आतून कळत असावं आणि सांगता येऊ नये, याहून मोठा वैताग नाही. माझ्या नाकात रात्रंदिवस कुरकुर चाललेली. पण तांदूळ मंगल कार्याचा, त्याच्यावर संशय कोण घेणार?

काल्याला दोन दिवस उरले असताना श्रुतिका मला पुसत होती. एकदम ती ओरडली, "बाबा! पायलट हलून राह्यला!"

माझ्या पुढच्या काचेमागे एक काळा सोंडकिडा ऐटीत बसला होता. त्याच्या मागून दुसरा आला. ओल्या हातानं केलेल्या अक्षतांत किडे झाले होते. तांदळाचं पीठ झालं होतं. तेजराम रोज मला उभं-आडवं करी, तेव्हा ते पीठ पुठ्ठ्याच्या फटीतून सरकत थेट शेपटीत जाऊन बसलं होतं. श्रुतिका हसत सुटली. तुळसाबाईनं मात्र काचेला डोळा लावला.

"माह्याच हातानं झालं," ती म्हणाली. "भाऊजींचं एक मागणं, तेही बिघडवलं मी."

तेजराम चाकू घेऊन माझं पोट उघडायला बसला, मग चाकू खाली ठेवला. उघडलं तर रंग फुटणार, आणि नवा रंग दोन दिवसांत सुकणार नाही.

काल्याच्या सकाळी शालिकराम आला. श्रुतिकानं हात धरून त्याला ओसरीवर बसवलं. समोर स्टुलावर मी, नाक आभाळाकडे. तेजराम म्हणाला, "दादा, जमलं नाही. मी याचं नाक धरून ठेवतो, तू पाह्य."

"तू नाक धरशील तं मले नाक कसं दिसन?" शालिकराम म्हणाला. त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला, शेपटी चाचपली, आणि खदखदून हसला. "पुढचं पोट रिकामं हाये याचं! तेजू, आमच्यात नवा माणूस आला का हेच करे. मागच्या पोटात आधी सामान भरे, आन् विमान मागं बसाले पाहे. शेपटीखाली दांडा लावत असू आम्ही. काडी आण एक."

खराट्याची काडी आली. त्यानं ती बोटांनी मोजली, तोडली, आणि न पाहता नेमकी माझ्या शेपटीखाली लावली. मी सरळ झालो. इतक्या महिन्यांत चाकू, डिंक आणि शिव्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या बोटांनी क्षणात केलं.

मग तो उठून मागे सरकला. एक पाऊल, दोन, तीन. डोकं थोडं वाकडं केलं. थांबला.

"मावलं," तो म्हणाला. "अख्खं मावलं."

तो पुन्हा माझ्याजवळ आला. मग त्यानं विचारलं, "तेजू, माहा दरवाजा कुठी हाये?"

"हा काय, पुढं."

"तो पॅसेंजरचा. माहा दरवाजा. सामानाचा. उजव्या कुशीले, खाली."

तेजरामचा चेहरा उतरला. माझ्या उजव्या कुशीत दोन चौकोनी खाचा होत्या. खोक्यातूनच आलेल्या. त्याला वाटलं, साच्यातली चूक आहे. पक्का फिटर तो, त्यानं दोन्ही खाचा लांबीच्या लगद्यानं बुजवून, घासून, वरून तीन हात रंग दिला होता. एवढं गुळगुळीत काम त्यानं माझ्यावर दुसऱ्या कुठल्या जागी केलं नव्हतं.

"मी बुजवला, दादा," तो म्हणाला.

मंदिरातून मृदंगाचा आवाज येऊ लागला होता. तुळसाबाई म्हणाली, "बुवा उभे राह्यले, चला." काल्याचं कीर्तन ज्यानं जन्मात कधी चुकवलं नाही, त्या तेजरामनं दाभण हातात घेतलं. शालिकरामचं बोट माझ्या कुशीवर फिरू लागलं. "इथी नाही. अजून मागं. हां, पंखाच्या समोर एक. आता दुसरा पंखाच्या मागं." तेजराम सुकलेल्या रंगात रेघ ओढत होता. दाभण घसरत होतं, आणि रंगाचे टवके उडत होते. मला खूप दुखलं, मित्रांनो. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी चिडलो नाही.

दरवाजे वाकडे झाले. शालिकराम पुन्हा तीन पावलं मागे गेला.

"हौ," तो म्हणाला. "आता हे माह्यं विमान हाये."

दोन वर्षं झाली. शालिकरामला आता काही दिसत नाही. मी कपाटावर आहे. लोक मला ओल्या फडक्यानं पुसतात, त्यानं स्टिकर सुटतात, पंखाचं टोक तर कुणी मोडलं हेही माहीत नाही. पाहुणे येतात, ओरखडे पाहून म्हणतात, काम चांगलं होतं पण शेवटी बिघडवलं. मला ओरडून सांगावंसं वाटतं. कोणाला ऐकू जाणार?

म्हणून तुम्हाला सांगतो. हातानं केलेली वस्तू कोरड्या मऊ कुंचल्यानं झटका, आणि तिच्यावरच्या वाकड्या रेघेला हसण्याआधी विचारा, ही कोणी ओढली. आणि कधी विमानात बसलात, तर खिडकीतून ढग बघायच्या आधी एकदा खाली उजवीकडे बघा. तिथे कोणीतरी वाकून तुमची बॅग आत ढकलत असेल, त्याला मान वर करायला वेळ नसेल. त्या क्षणी आमच्या शालिकरामची आठवण काढा.