पहिल्या ओळीतलं तळं

या व्यवहारात वल्लरी रेठरेकरला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. पगार फारसा वाढणार नव्हता, हुद्दाही बेताचाच होता. मिळणार होती ती नवऱ्याच्या बदलीबरोबर न सुटणारी नोकरी. हवाई दलातल्या हर्षवर्धनशी लग्न केल्यापासून दर बदलीला तिच्या संसाराची खोकी चोख बांधली जायची. पडदे, मिक्सर, पितळी समई, सगळं पुढच्या गावी धडपणे पोचायचं. पोचायची नाही ती तेवढी वल्लरीची नोकरी. बीदरला शाळा सुटली, जोधपूरला एक संस्था सुटली, आणि आता मोहालीतल्या नॉलेज सिटीमधलं संशोधन केंद्र सुटायच्या बेतात होतं, कारण हर्षवर्धनच्या हातात जोरहाटची ऑर्डर पडली होती.

दिल्लीच्या एका समितीत मात्र घरून करायचं काम निघालं होतं, आणि घर कुठल्याही गावचं चालणार होतं. समितीच्या शैलजा गुप्ते फोनवर म्हणाल्या, "तुमच्या केंद्राचा डेटा सोमवारपर्यंत पूर्ण आला तर मी तुमचं नाव पुढे सरकवते. पूर्ण म्हणजे पूर्ण हं! तळी किती खोदली यात मला रस नाही. खोदल्यावर त्यांच्याकडे बघतं कोण आणि आज ती कशी आहेत, ते मला हवंय."

वाढता उन्हाळा आणि लहरी पाऊस सोसता यावा म्हणून देशभरात जी कामं झाली, गावतळी, सावलीची छपरं, झाडांचे पट्टे, त्यांची नोंद हे केंद्र ठेवत असे. बाहेरच्यांनी ती मागायची एपीआय नावाच्या खिडकीतून. खिडकीत मागणी सरकवायची, नोंदींचा गठ्ठा बाहेर येतो, मग केंद्राचाच एक प्रोग्रॅम त्या गठ्ठ्याचा तक्ता करतो. शुक्रवारी वल्लरीने तक्ता काढला. देखणा होता. गाव होतं, खर्च होता, फीत कोणी कापली तेसुद्धा होतं. 'देखभाल कोणाकडे' आणि 'सध्याची स्थिती' हे दोन रकाने मात्र नव्हते. रिकामे असते तरी चाललं असतं. ते मुळात नव्हतेच.

तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गुरनूरला गाठलं. हा मोहालीशेजारच्या खरड गावचा हुशार, गोड बोलणारा मुलगा.

"मॅम जी, मेरी तरफ से तो सब ठीक है," त्याने पडद्याकडे न बघताच सांगितलं. "ब्राउझर बदल के देखो."

"बदलला."

"तो एक्सेल में दिक्कत होगी."

एक्सेलमध्ये दिक्कत नव्हती. तिने नवी परवानगी घेतली, गठ्ठ्याची पानं एकेक करून मागवली, तरी रकाने गायब. शेवटी तिने तक्त्याचा नाद सोडला आणि खिडकीला एकच नोंद मागितली, संगरूरकडच्या एका छपराची. ती आली, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'देखभाल: युवक मंडळ'. दुसरी मागितली, तीतही होतं. म्हणजे खिडकी इमानदार होती. चोरी तक्ता करताना होत होती.

मग तिने गुरनूरचा प्रोग्रॅम उघडला आणि बाई स्वतःशीच हसली. खिडकीचा नियम असा, की नोंदीत जे भरलेलं नाही ते ती पाठवतच नाही. आणि प्रोग्रॅमचा रिवाज असा, की गठ्ठ्यातली पहिली नोंद बघायची, तिच्यात जे असेल तेवढेच रकाने आखायचे, आणि बाकी सगळ्या देशाला त्यात बसवायचं. पंगतीतल्या पहिल्या पानाला लसूण चालत नाही म्हणून कुणालाच चटणी वाढायची नाही, त्यातला प्रकार.

पहिल्या पानावर कोण बसलंय? तर मोहालीजवळच्याच मुल्लानपूरचा टोबा. टोबा म्हणजे पंजाबातलं गावतळं. याचं पुनरुज्जीवन केलं होतं केंद्राचे प्रमुख डॉ. दिगंबर खांबेटे यांनी स्वतः. क्रमांकाने बघितलं तर ही नोंद पार खाली असायला हवी होती.

"गुरनूर, ही वर कशी आली?"

"मॅम जी, सर का प्रोजेक्ट है," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "नीचे अच्छा लगता है क्या?"

तेव्हा सोपा उपाय असा, की सरांच्या नोंदीतल्या त्या दोन रिकाम्या जागा भराव्यात. शनिवारी तिने हर्षवर्धनला गाडी काढायला लावली. मुल्लानपूरला गव्हाच्या शेतांमधून बारा-बारा मजले उगवत होते. टोबा सापडला एका टाउनशिपच्या विक्री कार्यालयासमोर. तळाशी निळ्या फरशा, मधे कारंजं, कडेला हंसाच्या आकाराची एक पायडलची होडी. फरशीतून थेंब खाली झिरपायची सोय नव्हती.

"पानी कहाँ से आता है, भाईसाहब?" वल्लरीने गार्डला विचारलं.

"बोअर से, जी. रोज सुबह भरते हैं."

जमिनीखालचं पाणी वाढावं म्हणून जो टोबा पुन्हा खोदला, तो आता जमिनीखालच्या पाण्यानेच भरत होते. हर्षवर्धनने होडीकडे बघून विचारलं, "तुमच्या सरांना सलामी द्यायची का इथूनच?"

सोमवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. दिगंबर सर मूळचे अमरावतीचे. पंचवीस वर्षं इकडे काढल्यामुळे त्यांचं मराठी छोल्यांसारखं चांगलं मुरलं होतं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि शैलजाबाईंच्या समितीवर सल्लागाराची खुर्ची त्यांना खुणावत होती. वल्लरीला दिल्लीच्या त्या कामासाठी लागणारं ना हरकत पत्र सही न होता त्यांच्या टेबलावर पडलं होतं.

तिने सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, आज रकाने नाहीत तर कुणाचेच नाहीत. कुणाला कमीपणा नाही. तू दुरुस्त केलंस की सगळ्या देशाचं भरलेलं दिसणार आणि पहिल्याच ओळीत माझं रिकामं. ही काय दुरुस्ती झाली, यार?"

"मग सर, तुमची नोंद तिच्या क्रमांकावर खाली नेऊ?"

सरांनी चष्मा काढला. "खाली म्हणजे किती खाली?"

"बरीच."

"नको. त्यापेक्षा भरून टाक. टोब्यात पाणी आहे ना?"

"आहे. बोअरचं."

"कुठलं पाणी असं त्या रकान्यात विचारलंय का? लिही, 'पाणी बारमाही'. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. "आणि देखभाल? ती तर टाउनशिपची कंपनी करते."

"छे छे! सरकारी पैशाच्या तळ्यावर बिल्डरचं नाव? अगं, शनिवारी बघायला कोण गेलं होतं? तूच ना? मग बघतंय कोण? तूच. तुझं नाव टाक."

"माझं? सर, मी तर चालले जोरहाटला."

"म्हणूनच म्हणतो. तुला तिथे कोण विचारायला येणार? ओळही भरते, तुझं कामही होतं." सर ना हरकत पत्र जवळ ओढत पेन शोधू लागले. "संध्याकाळपर्यंत सही करून ठेवतो. पक्का."

वल्लरीने मनातल्या मनात हिशेब घातला. एका चौकोनात एक नाव, तेही स्वतःचं. कुणाचं घेतलं नाही, कुणावर ढकललं नाही. तिने नाव भरलं. गुरनूरने सगळ्या नोंदी बघून रकाने आखण्याची दुरुस्ती चहा पिता पिता केली आणि सोबतच्या पत्रात ते आठवणीने लिहिलंही. पूर्ण तक्ता दुपारी दिल्लीला गेला.

हर्षवर्धनला हे कळलं तेव्हा तो बाल्कनीत होता. "तू तळ्याची देखभाल करतेस? अगं, तुळशीला पाणी मी घालतो!"

"सही झाली की मिटलं. बोलू नकोस."

सही मात्र त्या संध्याकाळी झाली नाही. सरांना पेन सापडलं नसावं. चार दिवसांनी शैलजाबाईंचा फोन आला. आवाजात एवढं कौतुक होतं की वल्लरीने खुर्ची ओढून घेतली.

"वल्लरी, तुम्ही कमाल केलीत. सगळ्या देशात 'देखभाल कोणाकडे' खाली काय आहे माहितीय? विभाग, पंचायत, समिती, मंडळ. म्हणजे कुणीच नाही! जित्याजागत्या माणसाचं नाव एकाच ठिकाणी आहे, आणि पाणी बारमाही असणारं तळंही तेच. अशा बाईला मी घरी बसवून तक्ते करायला लावू?"

"मॅडम, मला घरूनच..."

"अहो, ऐका तर. मुल्लानपूर आम्ही नमुना स्थळ करतोय. दोन वर्षं तुम्ही तिथल्या प्रमुख. देशभरातून लोक बघायला येतील, तुम्ही दाखवायचं. खांबेट्यांशी बोलले, ते तर आनंदाने हो म्हणाले. आता आमचे सल्लागारच आहेत ते."

"आणि ते घरून करायचं काम?"

"ते त्या मुलाला दिलं ना, ज्याने रकाने परत आणले त्याला. गुरनूर."

तोंड उघडून फरशा, बोअर आणि हंसाची होडी सांगून टाकावी, असं वल्लरीच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचा प्रश्न येणार, मग तुमचं नाव तिथे कोणी घातलं? ती म्हणाली, "धन्यवाद, मॅडम."

सल्लागाराची खुर्ची दिगंबर सरांना मिळाली. घरून करायची नोकरी गुरनूरला मिळाली. तो खरडला आईच्या हातचे पराठे खात तक्ते काढतो; बदलीची त्याला कधी भीतीच नव्हती. शैलजाबाईंना एकही भोक नसलेला तक्ता मिळाला. टाउनशिपवाल्यांना जाहिरातीत छापायला राष्ट्रीय नमुना तळं मिळालं.

आता या सगळ्याची किंमत भरली कोणी? वल्लरीने दोन वर्षं भरली, मोहालीच्या एयरोसिटीतल्या भाड्याच्या घरात, एकटीने. हर्षवर्धनने जोरहाटच्या मेसमधलं जेवण जेवून भरली. आणि सगळ्यात मोठा वाटा मुल्लानपूरच्या जमिनीखालच्या पाण्याने उचलला. पाहुणे येणार म्हणून हल्ली टोबा दिवसातून दोनदा भरतात.